सी-३ कमी आलंय, मग प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं का?

एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीला वयाच्या २२व्या वर्षी ल्युपस, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते तो आजार, असल्याचं निदान झालं. सांधेदुखी आणि गालांवरचे चट्टे औषधांनी आटोक्यात होते. मात्र गेल्या दोन महिन्यांत पायांवर सूज यायला लागली, लघवीतून प्रथिन जात असल्याचं दिसलं, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये सी-३ हे ४८ आणि सी-४ हे ५ आलं. दोन्हींपुढे ‘कमी’ असा शेरा होता. डॉक्टरांनी स्टिरॉइडचा डोस वाढवला, मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू केलं आणि किडनीची बायोप्सी करायला सांगितलं. ताईंनी वाचलं की सी-३ आणि सी-४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं आहेत. ती आधीच निम्म्यावर आलेली असताना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देणं त्यांना पटत नाही. तीन आठवड्यांपासून त्या बहिणीला ‘व्हिटॅमिन आहे’ असं सांगून प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या वनस्पतींच्या कॅप्सूल देत आहेत. आई त्यांच्या बाजूची आहे, बहिणीचा मात्र डॉक्टरांवर विश्वास आहे. ताई विचारतात: स्टिरॉइड थांबवायला सांगू का? आणि सी-३ वर येईपर्यंत बायोप्सी पुढे ढकलू का?

प्रिय ताई,

सविस्तर लिहिण्याआधी दोन गोष्टी सांगते, कारण त्यांना उशीर नको. बहिणीचं स्टिरॉइड तुमच्या मनाने थांबवू नका, कमीही करू नका. काही आठवडे ही गोळी पोटात गेली की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं मंदावतं, आणि गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. दुसरं म्हणजे, त्या कॅप्सूल आजपासून बंद करा. का, ते पुढे लिहिलं आहे.

आता तुमच्या मुद्द्याकडे येऊ. आकडा कमी, म्हणून शक्ती कमी, म्हणून ती आणखी दाबायची नाही. तुम्ही पायरीपायरीने विचार केला आहे आणि बहिणीच्या काळजीनेच केला आहे. माझी अडचण पहिल्या पायरीपाशी होते. रक्तात एखादी गोष्ट कमी सापडली म्हणजे ती कमी बनते आहे, असं तुम्ही धरून चाललात. पण रिपोर्ट सांगतो ती फक्त शिल्लक. महिनाअखेरीला घरात पैसे उरले नाहीत तर पगार कमी झाला असेल, किंवा खर्च भरमसाट वाढला असेल. नुसत्या शिलकीवरून यातलं कोणतं खरं ते कळत नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत जवळजवळ सगळ्या खुणा खर्चाकडे बोट दाखवतात. आणि हा खर्च बहुधा तिच्या किडनीत होतो आहे.

हे पटायचं तर सी-३ नेमकं काय करतं ते नीट पाहायला हवं. मला हा विषय फार जवळचा आहे, तेव्हा थोडं रेंगाळते.

१८९०च्या दशकात पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ज्यूल बोर्दे नावाचा तरुण बेल्जियन संशोधक काम करत होता. जंतू टोचून तयार केलेल्या प्राण्याच्या रक्ताचा पाणीदार भाग, म्हणजे सीरम, जंतूंना फोडतो हे माहीत होतं. बोर्देने दाखवलं की हे सीरम सुमारे ५६ अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं की त्याची ही ताकद जाते. पण त्यात जंतू कधीच न टोचलेल्या प्राण्याचं ताजं सीरम थोडं घातलं की ती परत येते. म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एक होती उष्णता सोसणारी, त्या जंतूसाठी खास तयार झालेली. तिला आपण प्रतिपिंड म्हणतो. दुसरी नाजूक, सगळ्यांच्या रक्तात आधीपासूनच असलेली. प्रतिपिंडाचं काम पुरं करणारी म्हणून पॉल एर्लिकने तिला कॉम्प्लिमेंट हे नाव दिलं. मराठीत पूरक प्रणाली म्हणतात. बोर्देला १९१९चं नोबेल मिळालं. नाव मात्र या प्रणालीला थोडं अन्यायकारक आहे, कारण ती प्रतिपिंडांहून कितीतरी जुनी आहे. ज्या जीवांच्या अंगात प्रतिपिंडं नाहीतच, अशा समुद्री अर्चिनमध्येसुद्धा सी-३ची भावंडं सापडतात.

या प्रणालीत तीसहून अधिक प्रथिनं आहेत. बरीचशी यकृतात बनतात आणि रक्तात झोपलेल्या अवस्थेत फिरत असतात. कुठे चाहूल लागली की एक जागं होतं, ते पुढच्याला कापून जागं करतं, ते त्याच्या पुढच्याला. प्रत्येक पायरीवर एकामुळे पुष्कळ जागी होतात, म्हणून बारीकशा सुरुवातीचा काही मिनिटांत मोठा भडका होतो. सुरुवात तीन तऱ्हांनी होते. प्रतिपिंड कुठे चिकटलेलं दिसलं की सी-१ त्याला धरतं आणि सी-४, सी-२ यांना कापतं. जंतूच्या अंगावरची विशिष्ट शर्करा ओळखून दुसरी वाट सुरू होते. आणि तिसरी वाट कुणाच्याही निरोपाची वाट पाहत नाही, ती कायम मंद आचेवर चालूच असते. तिन्ही वाटा सी-३पाशी येऊन मिळतात. म्हणून रिपोर्टवर आधी त्याचं नाव असतं. निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तद्रवात ते साधारण एक ग्रॅम असतं, या प्रणालीतल्या प्रथिनांत सर्वांत जास्त.

सी-३ कापलं गेलं की त्याचे दोन तुकडे होतात. मोठ्या तुकड्यात दडलेला एक रासायनिक बंध क्षणभर उघडा पडतो. त्या क्षणात जवळ जो कुठला पृष्ठभाग असेल त्याला तो कायमचा चिकटतो; नाही सापडला तर पाण्याशी संयोग होऊन निकामी होतो. जंतूवर असे हजारो तुकडे चिकटले की भक्षक पेशींना तो लगेच सापडतो आणि त्या त्याला गिळतात. लहान तुकडा वेगळंच काम करतो: सी-५च्या लहान तुकड्याच्या जोडीने तो रक्तवाहिन्या सैल करतो, सूज आणतो, पांढऱ्या पेशींना बोलावतो. शेवटी सी-५ ते सी-९ एकत्र येऊन जंतूच्या आवरणात सुमारे १० नॅनोमीटर रुंदीचं भोक पाडतात आणि जंतू फुटतो. पाठ्यपुस्तकांत या भोकाचंच चित्र मोठं असतं, पण रोजच्या लढाईत चिकटण्याचं आणि गिळण्याचं काम जास्त मोलाचं आहे असं मला वाटतं.

ताई, आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. तो चिकटणारा तुकडा आपलं-परकं ओळखत नाही. जो जवळ असेल त्याला चिकटतो. मग आपल्याच पेशी कशा वाचतात? तर त्यांच्या अंगावर लगाम असतात. फॅक्टर एच आणि आणखी काही प्रथिनं असा चुकून चिकटलेला तुकडा लगेच निकामी करतात. सीडी-५९ नावाचं प्रथिन भोक पूर्ण होऊ देत नाही. बहुतेक जंतूंकडे हे लगाम नसतात. म्हणजे ही प्रणाली किती जोरात चालते यापेक्षा कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, यावर आपलं आरोग्य ठरतं. ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दात शक्ती आहे, म्हणून आपल्याला ती जितकी जास्त तितकी बरी वाटते. त्या शब्दाने तुमच्यासारख्या अनेकांची दिशाभूल केली आहे.

ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातल्या द्रव्यांविरुद्ध, डीएनएविरुद्धसुद्धा, प्रतिपिंडं बनवतं. प्रतिपिंड आणि ते द्रव्य यांचे गठ्ठे रक्तात फिरतात, आणि काही किडनीच्या बारीक गाळण्यांमध्ये अडकतात किंवा तिथेच तयार होतात. प्रतिपिंड चिकटलेलं दिसलं की पूरक प्रणाली तिचं ठरलेलं काम करते: सी-१ धरतं, सी-४ कापलं जातं, सी-३ कापलं जातं. इथे जंतू नाही, गाळणी आहे. लगाम पुरे पडत नाहीत, सूज येते, गाळणी फाटते, प्रथिन लघवीत उतरतं आणि पायांवर पाणी साठतं. सी-३ आणि सी-४ दोन्ही एकदम घसरणं ही प्रतिपिंडांपासून सुरू होणाऱ्या वाटेची ओळखीची खूण आहे. डॉक्टरांनी तो रिपोर्ट लघवीच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचला असणार.

बायोप्सीत किडनीचा बारीक तुकडा विशिष्ट प्रकाशाखाली पाहतात. ल्युपसने किडनी धरली असेल तर गाळणीवर प्रतिपिंडांच्या जोडीला सी-३ आणि सी-१चा भाग चमकताना दिसतो. रक्तातून जे हरवलं ते तिथे सापडतं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की सी-३ वर येण्याची वाट पाहत बायोप्सी थांबवण्यात अर्थ नाही. आग विझल्याशिवाय सी-३ वर येणं अवघड आहे, आणि आग किती आहे ते बायोप्सीतून कळणार आहे. त्यातून दिसतं की गाळण्यांमध्ये चालू सूज किती आणि जुना व्रण किती. सूज औषधांनी ओसरते. व्रण झालेली गाळणी परत मिळत नाही, आणि वाट पाहण्याची खरी किंमत ती आहे. तपासणी भागापुरती भूल देऊन, सोनोग्राफीत बघत करतात. रक्तस्राव हा तिचा मुख्य धोका. म्हणून आधी रक्तदाब, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याचा वेळ पाहतात. भीती याची वाटत असेल तर ती डॉक्टरांसमोर मोकळेपणाने बोला. सी-३च्या कारणाआड ती लपवू नका.

स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट हे चुकीची प्रतिपिंडं बनवणाऱ्या आणि सूज पेटवणाऱ्या पेशींना आवरतात. त्या आवरल्या की गठ्ठे कमी होतात, खर्च थांबतो, आणि यकृत तर सी-३ बनवतच असतं. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी आकडा वर येऊ लागतो. जो आकडा वाढावा म्हणून तुम्ही ही औषधं थांबवायला निघालात, तो याच औषधांनी वाढण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

तरीही तुमची शंका अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पूरक प्रथिनं खरोखरच कमी बनतात असेही लोक असतात. ज्यांना जन्मतः सी-१चा क्यू हा भाग मिळालेलाच नसतो, त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे ल्युपस किंवा तसाच आजार होतो. संरक्षक प्रथिन कमी असताना स्वतःवरचा हल्ला वाढतो, हे प्रथम वाचलं तेव्हा मीही थबकले होते. उलगडा असा, की पूरक प्रणाली साफसफाईही करते. मेलेल्या पेशींच्या अवशेषांवर खूण करणं, आणि ते गठ्ठे लाल पेशींच्या पाठीवर लादून यकृत-प्लीहेत पोचवणं हे तिचंच काम. तिथे गठ्ठा उतरवून घेतला जातो आणि लाल पेशी पुन्हा रक्तात परतते. सफाई थांबली की केंद्रकातला कचरा साठतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवू लागतं. सी-४ची जनुकंही प्रत्येकात सारख्या संख्येने नसतात, त्यामुळे आजार शांत असतानाही काहींचं सी-४ कायम कमीच राहतं. बहिणीची प्रकृती सावरल्यावर सी-३ वर आलं आणि सी-४ तिथेच राहिलं, तर ‘हे जन्मजात असू शकतं का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. सीएच-५० नावाची तपासणी ही सबंध साखळी चालते का ते दाखवते. ती जवळपास शून्य आली तर एखादी कडीच नाही, असा संशय घेतात. पण अशा माणसालाही वनस्पतींच्या कॅप्सूलने ती कडी मिळत नाही.

कॅप्सूलबद्दल मी कठोर वाटेन, पण लिहिते. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांत इचिनेशिया आणि अल्फाल्फा या वनस्पती असू शकतात, आणि दोन्ही घेतल्यावर ल्युपस बळावल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तुमच्या डबीत काय आहे मला माहीत नाही. पण ज्या आजारात संरक्षण यंत्रणाच चुकीच्या जागी भडकली आहे, तिथे तिला चेतवणारं काहीही निरुपद्रवी समजून चालणार नाही. शिवाय पुढच्या तपासणीत यकृताची विकरं (एन्झाइम) वाढलेली दिसली तर डॉक्टर मायकोफेनोलेटवर संशय घेतील आणि चालू असलेलं औषध बदलतील. त्यांना डबीबद्दल माहीतच नसेल.

औषधांमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो ही तुमची भीती मात्र खरी आहे. तिच्यासाठी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि तुमची सगळी मेहनत तिकडे वळवा असं मला वाटतं. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, घरी वाट पाहायची नाही. फ्लूची आणि न्युमोकॉकस या न्युमोनियाच्या जंतूची लस कधी घ्यायची ते विचारा. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत जंतूंच्या लशी या काळात विचारल्याशिवाय नकोत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे का ते पाहा, कारण ल्युपस पुन्हा उसळू नये म्हणून ते फार उपयोगी आहे. चालू असेल तर डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी व्हायला हवी. आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक असतं, हे तुमच्या बहिणीला कुणी स्पष्ट शब्दांत सांगितलंय का, ते तिला एकांतात विचारा. या वयाच्या मुलींना हे सांगायचं संकोचापोटी राहून जातं आणि त्याची फार मोठी किंमत त्यांना मोजावी लागते.

सी-३चे आकडे हातात घेऊन बसलेले आणखीही वाचक असतील, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका, मागच्या आकड्यांशेजारी ठेवून वाचा, शक्यतो एकाच प्रयोगशाळेचे. अंगात सूज असताना किंवा गरोदरपणात यकृत सी-३ जास्त बनवतं, त्यामुळे खर्च चालू असूनही आकडा सामान्य दिसू शकतो. लहान मुलाला घशाच्या संसर्गानंतर एक-दोन आठवड्यांनी लघवी तांबूस झाली, सी-३ कमी आणि सी-४ ठीक असेल, तर तो बहुधा संसर्गानंतरचा किडनीचा दाह असतो आणि सी-३ साधारण दोन महिन्यांत पूर्ववत होतं. न झालं तर पुढचा शोध घ्यावा लागतो. ओठ, चेहरा, पोट पुन्हा पुन्हा सुजतं, पित्त उठत नाही, सी-३ ठीक आणि सी-४ कमी, असं असेल तर आनुवंशिक अँजिओएडिमासाठी सी-१ इनहिबिटरची, म्हणजे सी-१ला आवरणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्या. या सुजेवर अॅलर्जीची नेहमीची औषधं चालत नाहीत, आणि ती घशात आली तर श्वास कोंडू शकतो. मेंदूज्वराच्या मेनिंगोकॉकसने कुणाला दोनदा गाठलं असेल तर सी-५ ते सी-९ यांपैकी काही नाही का, ते पाहायलाच हवं. यकृताच्या जुन्या आजारात मात्र सी-३ खरंच कमी बनतं. आणि नमुना बराच वेळ तसाच पडून राहिला तर सीएच-५० खोटंच कमी येतं, तेव्हा आकडा विचित्र वाटला तर पुन्हा करून घेण्यात कमीपणा नाही.

काही आजारांत तर डॉक्टर पूरक प्रणाली मुद्दाम रोखतात. लाल पेशींवरचे लगामच नसलेल्या एका रक्ताच्या आजारात पूरक प्रणाली त्या पेशी फोडत राहते. २००७मध्ये सी-५ला अडवणारं एक्युलिझुमॅब त्यासाठी मान्य झालं. ते सुरू करण्याआधी मेनिंगोकॉकसची लस देतात, शक्य असेल तर निदान दोन आठवडे आधी. तुमच्या बहिणीला ते दिलेलं नाही. सांगायचं इतकंच की रोखणं आणि जपणं ही दोन्ही कामं एकाच वेळी, हिशेबाने करता येतात.

दुसरा सल्ला घ्यावासा वाटतो का? जरूर घ्या. संधिवाततज्ज्ञांकडे उपचार चालू असतील तर किडनीतज्ज्ञांना दाखवा. सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. औषधं चालू ठेवून, या आठवड्यातच.

एक राहिलं. तुमची बहीण २२ वर्षांची आहे. तिचा डॉक्टरांवर विश्वास आहे असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंत, पण ‘मी काय करू’ या तुमच्या प्रश्नात ती कुठेच नाही. शरीर तिचं आहे, किडनी तिची आहे, आणि गेले तीन आठवडे तिच्या नकळत तिला काहीतरी दिलं जातंय. तुम्ही ते मायेपोटी केलंत याबद्दल मला शंका नाही. पण तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर उद्या ती डॉक्टरांनी दिलेली गोळीही तुमच्या हातून घेताना थांबेल. आणि पुढचे कित्येक महिने गोळ्यांच्या वेळा सांभाळणारं माणूस तुम्हीच असणार आहात.

तेव्हा आज तिच्याजवळ बसा. डबी तिच्या हातात द्या आणि सरळ सांगा: ‘हे व्हिटॅमिन नव्हतं. मला भीती वाटली म्हणून तुला न सांगता देत होते. चुकलं माझं.’ ती चिडली तर चिडू द्या. डबीवरच्या लेबलचा फोटो काढून तिलाच डॉक्टरांना पाठवायला सांगा, किती दिवस आणि रोज किती घेतल्या तेही लिहून. आईशीही बोला, कारण आईचं मत तुमच्या सांगण्यावरून झालंय, आणि बायोप्सीच्या दिवशी बहिणीला तुम्ही दोघीही सोबत लागणार आहात.